'द रेव्हन' म्हणताना घाबरवायचं कुणाला? स्टेजवरच्या गॉथिक, म्हणजे भयगूढ, कवितेबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की कॉलेजच्या इंग्लिश विभागाच्या कार्यक्रमात एडगर ॲलन पोची 'द रेव्हन' म्हणायची आहे, अठराच्या अठरा कडवी पाठ झालीयेत, पण घरी म्हणून दाखवली की बहीण म्हणते बडबडगीत वाटतंय, आणि मग आवाज खाली खर्जात नेऊन भुताटकीचा केला की सगळे हसायला लागतात. तर नक्की करायचं काय.

मी इंग्लिश आणि मराठी दोन्ही कविता स्टेजवर म्हणते, व्हॉइसचं काम करते, मुलांनाही शिकवते, आणि पो, कोलरिज, कीट्स ही कवीमंडळी माझ्या फार जवळची आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाचा.

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे असं मला वाटतं. बडबडगीत होतंय कारण तुम्ही वृत्त म्हणताय, आणि हसू येतंय कारण तुम्ही भीती म्हणताय. कवितेतला जो माणूस खोलीत बसलाय तो मात्र यातलं काहीच करत नाहीये. डिसेंबरातली मध्यरात्र, समोर जुनी पुस्तकं, त्याची प्रेयसी लेनोर गेलीये तिचं दुःख विसरायला वाचतोय, डुलकी लागतेय, आणि दारावर टकटक होते. सहाव्या कडव्यापर्यंत हा माणूस स्वतःला एकच गोष्ट सांगतोय, काही नाही रे, कुणीतरी पाहुणा असेल, वारा असेल, बाकी काही नाही. म्हणजे तो भीती दाखवत नाहीये, नाकारतोय, आणि तुम्हाला हे नाकारणं म्हणायचंय. ऐकणाऱ्याला भीती वाटते ती त्याच्या या धडपडीमुळे. तुम्हीच पहिल्या ओळीपासून घाबरलात तर लोकांना घाबरायला काही उरतच नाही, मग ते हसणार नाहीतर मोबाईल काढणार.

पुरावा कवितेतच आहे, तिसरं कडवं काढा. पडद्यांची सळसळ ऐकून तो म्हणतो, 'टु स्टिल द बीटिंग ऑफ माय हार्ट, आय स्टुड रिपीटिंग', म्हणजे छातीतली धडधड थांबावी म्हणून मी तेच तेच म्हणत उभा राहिलो, आणि मग 'सम व्हिजिटर' वाली ओळ जवळजवळ तशीच दोनदा येते. पूर्ण कवितेत चौथी आणि पाचवी ओळ अशी एकमेकींना धरून येते, चेंबर डोअर, परत चेंबर डोअर, आणि तुमचं बडबडगीत नेमकं तिथंच होतंय कारण दोन्ही ओळी तुम्ही एकाच सुरात टाकताय. पोनं पुनरुक्तीचं कारण त्या माणसाच्या तोंडी दिलंय, ते वापरा. पहिल्यांदा पटकन म्हणा, अंदाज केल्यासारखं, दुसऱ्यांदा किंचित सावकाश, स्वतःला पटवल्यासारखं. अठराही कडव्यांत दुसऱ्यांदा येणाऱ्या शब्दाला स्वतःचं कारण शोधून ठेवा आणि पेन्सिलीनं कागदावर लिहा, दोन-तीन शब्दांत. हे एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

आता वृत्ताचं. आपल्या मराठी कानाला चालीची फार सवय आहे, शाळेत सगळ्या कविता चालीवर म्हटल्यात, पादाकुलकासारखं मात्रावृत्त दिसलं की डोकं आपोआप आठ-आठ मात्रांचा ठेका धरतं. 'द रेव्हन'मध्येही ओळीला आठ ठोके आहेत, प्रत्येक ठोक्यात एक जड अक्षर आणि एक हलकं, पहिल्या ओळीत सरळ सोळा अक्षरं. त्यामुळे चाल लागलीच म्हणून समजा. पण 'वन्स अपॉन अ मिडनाइट ड्रिअरी, व्हाइल आय पाँडर्ड, वीक अँड वेअरी' ही ओळ बोलताना म्हणून बघा, म्हणजे कुणाला गोष्ट सांगतोय तशी, तर जोर पडतो तो वन्स, मिडनाइट, ड्रिअरी, पाँडर्ड, वीक, वेअरी या सहाच ठिकाणी. उरलेले दोन ठोके पडत नाहीत पण ऐकणाऱ्याला आतून जाणवतात, कारण बाकीच्या ओळी त्याला ती सवय लावत असतात. म्हणून ठोका तुम्ही वाजवायची गरजच नाही, पोनं तो इतका घट्ट बांधलाय की तुम्ही कितीही सरळ बोललात तरी तो मोडत नाही. तुम्ही अर्थाच्या बाजूनं ओढायचं, वृत्त त्याच्या बाजूनं ओढतंच, आणि या ओढाताणीत जो ताण तयार होतो तोच खरा गॉथिक.

यासाठी एक व्यायाम मी सगळ्यांना देते. पूर्ण कविता ओळी न पाडता गद्यासारखी सलग लिहून काढा, हातानं, मग ती मैत्रिणीला काल रात्री काय झालं ते सांगताय अशी वाचा. आठवडाभर फक्त एवढंच, पाठ केलेली मूळ कविता मध्ये आणायचीच नाही. त्यानंतर ओळी परत पाडल्यात की चाल बरीचशी गळून पडलेली असते.

यमकांचंही तसंच. प्रत्येक कडव्यात पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या पोटात यमक आहे, ड्रिअरी-वेअरी, नॅपिंग-टॅपिंग, आणि शेवटाला डोअर, लोअर, मोअर चालूच. दुसऱ्या यमकावर कधीही जोर देऊ नका, तो शब्द स्वतःच वाजतो. त्याच्या आधीच्या कामाच्या शब्दावर या. 'नॅपिंग' नंतर जे 'सडनली देअर केम अ टॅपिंग' येतं तिथं 'सडनली' महत्त्वाचा, 'टॅपिंग' फक्त ठेवून द्यायचा. पण 'सडनली' म्हणताना दचकू नका हं, गोष्ट सांगणाऱ्याला ती आधीच माहीत आहे. आणि पहिल्या दोन ओळींत मुख्य वाक्य आलेलंच नाही, दोन ओळी वाक्य लटकलेलं आहे, ते तिसऱ्या ओळीत 'केम अ टॅपिंग'पाशी उतरतं, म्हणून 'लोअर' नंतर श्वास घ्या पण सूर खाली पाडू नका, पाडलात तर तिथंच वाक्य संपलं असं वाटतं आणि ऐकणारा सुटतो.

चौथ्या कडव्यावर थोडी जास्त मेहनत घ्या, ते फार सुंदर आहे आणि बहुतेक जण ते घाईत उडवतात. तो बंद दाराशी बोलतोय, 'सर ऑर मॅडम' म्हणून माफी मागतोय, अहो डोळा लागला होता, तुमची टकटक इतकी हळू होती की ऐकूच आली नाही वगैरे. हे अगदी सभ्य, जरा ओशाळलेलं, घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणा, हसऱ्या चेहऱ्यानं. मग तो दार उघडतो आणि 'डार्कनेस देअर अँड नथिंग मोअर'. इथं आवाज बदलायचा नाही, फक्त आधीचा तो अघळपघळपणा एकदम बंद पडला पाहिजे. मी स्वतः 'डार्कनेस'च्या आधी श्वासही घेत नाही, मधल्या डॅशवर थांबते आणि उरलेल्या हवेत ते म्हणते, आवाज आपोआप बारीक होतो, करावा लागत नाही.

पुढे रेव्हन, म्हणजे डोमकावळा, आत येतो. आता तुमच्या हसण्याच्या काळजीबद्दल. इथं लोक हसले तर हसू द्या! पोनं १८४६ मध्ये 'द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन' नावाचा निबंध लिहिला, त्यात तो सांगतो की रेव्हनचं आगमन मी मुद्दाम हास्यास्पदतेच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेलंय. काळा पक्षी एखाद्या लॉर्डच्या थाटात चालत येतो, पॅलस म्हणजे अथीनाच्या पुतळ्यावर जाऊन बसतो, आणि तो माणूस खरंच हसतो, आठव्या कडव्यात तसं लिहिलंय, आणि थट्टेत त्याला नाव विचारतो. ती थट्टा थट्टेसारखीच म्हणा. इथं हसलेला श्रोता सोळाव्या कडव्यात जास्त हलतो, हा माझा अनुभव आहे, कारण त्यालाही त्या माणसासारखंच वाटलेलं असतं की हे काहीतरी गमतीचं चाललंय.

आता 'नेव्हरमोअर', म्हणजे पुन्हा कधीच नाही. सगळ्यात जास्त वाट इथंच लागते. कडव्यांचे शेवट नीट मोजा, सहा कडवी 'नथिंग मोअर'वर संपतात, दुसरं एकटं 'एव्हरमोअर'वर, आणि आठव्यापासून पुढची अकरा 'नेव्हरमोअर'वर. पण या अकरांपैकी पक्ष्याच्या चोचीतून थेट येतात ती सहाच, आठवं, दहावं, आणि चौदा ते सतरा. बाकीच्या ठिकाणी तो शब्द माणूस उच्चारतोय. हे सहा आणि ते पाच वेगळे ऐकू आले पाहिजेत. पक्ष्याचा शब्द सहाही वेळा तंतोतंत सारखा, तीच पट्टी, तीच लांबी, भाव शून्य. काव काव नाही, घोगरा आवाज नाही, दरवेळी वाढत जाणारा दरारा तर अजिबात नाही. पक्ष्याला काही कळतच नाहीये, कुणा दुःखी मालकाकडून एक शब्द शिकलाय तेवढाच बोलतोय, हे तो माणूस स्वतःच अकराव्या कडव्यात सांगतो. बदलतो तो प्रश्न. आधी नुसतं नाव विचारलं. मग मनाशीच म्हणाला उद्या हाही उडून जाईल. मग चौदाव्यात नेपेन्थी, म्हणजे दुःख विसरायला लावणारं पेय, ते पिऊन लेनोरला विसरू दे म्हणतो. पंधराव्यात दुःखावर काही मलम आहे का. सोळाव्यात स्वर्गात तरी ती भेटेल का. आणि सतराव्यात चालता हो इथून.

उत्तर काय येणार हे त्याला चौदाव्या कडव्यापर्यंत पक्कं कळलंय आणि तरी तो असेच प्रश्न निवडतोय ज्यांना 'नाही' हे उत्तर सगळ्यात जास्त लागेल, पोनंही त्या निबंधात हेच म्हटलंय, की हा माणूस स्वतःला यातना देण्यात एक प्रकारचं सुख घेतोय. तुम्हाला साकारायचंय ते हे. म्हणून प्रश्न विचारताना 'याचं उत्तर मला माहितीये' हे डोळ्यांत असू द्या, आणि प्रश्न संपल्यावर पक्ष्याला बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढाच थांबा, लांबलचक सस्पेन्सवाला पॉज नको.

पंधरा आणि सोळा ही कडवी एकाच ओळीनं सुरू होतात, 'प्रॉफेट, सेड आय, थिंग ऑफ ईव्हिल', आणि जवळजवळ सगळे दोन्ही वेळा ओरडतात, मग सतराव्यासाठी आवाजच शिल्लक राहत नाही. पो म्हणतो की त्यानं सगळ्यात आधी सोळावं कडवं लिहिलं, कारण तो कळस आहे आणि बाकीचं कुठलंही कडवं त्याच्यापेक्षा वरचढ होऊ द्यायचं नव्हतं, झालंच असतं तर मी ते मुद्दाम कमजोर केलं असतं असंही तो सांगतो. खरंच त्यानं त्या क्रमानं लिहिलं का यावर अभ्यासकांना शंका आहेत, निबंध नंतर रचून सांगितल्यासारखा वाटतो असं बरेच जण म्हणतात, पण म्हणणाऱ्यासाठी तो नकाशा सोन्यासारखा आहे. मी पंधरावं आरोप केल्यासारखं म्हणते, उभं राहून जाब विचारल्यासारखं. सोळाव्यात तीच ओळ खाली आणते, जवळजवळ विनवणी, कारण आता प्रश्न लेनोरचा आहे. मग सतराव्यात शब्दच आहेत 'आय श्रीक्ड, अपस्टार्टिंग', तिथं आवाज सोडा, तिथं हात राखून चालणार नाही. भावनेचा कळस सोळाव्यात, आवाजाचा सतराव्यात, हे दोन्ही एकाच ठिकाणी आणायची गरज नसते.

आणि अठरावं. आत्तापर्यंतची गोष्ट भूतकाळात होती, आता एकदम 'स्टिल इज सिटिंग', म्हणजे तो पक्षी अजून तिथंच आहे आणि हा माणूस आपल्याशी त्या खोलीतूनच बोलतोय. वेग वाढवू नका, कमीही करू नका, माहिती दिल्यासारखं म्हणा. शेवटचं 'नेव्हरमोअर' माणसाचं आहे, आणि मी ते पूर्ण कवितेत फक्त याच ठिकाणी पक्ष्याच्या पट्टीत म्हणते, तीच लांबी, तोच कोरडेपणा. सहा वेळा सारखं म्हटलेलं असेल तरच हे लागू पडतं, म्हणून वर एवढा आग्रह धरला.

उच्चारांबद्दल. ब्रिटिश ॲक्सेंट लावू नका प्लीज, पो बोस्टनमध्ये जन्मलेला अमेरिकन, त्याला लंडनचा आवाज देण्यात काही अर्थ नाही, आणि उसना ॲक्सेंट सांभाळताना अर्थ सुटतो. आपला मराठी उच्चार चालतो, दोन गोष्टी मात्र सुधाराव्याच लागतात. एक, 'वीक अँड वेअरी'मधला व ओठ गोल करून काढा, दात खालच्या ओठाला लागता कामा नयेत, आपण सवयीनं w आणि v हे दोन्ही व एकच करतो आणि त्या ओळीतला थकवाच निघून जातो. दोन, आपण प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो, इंग्लिशमध्ये हलकी अक्षरं गिळावी लागतात, दुसऱ्या ओळीतलं 'मेनी अ' आणि 'क्युरिअस' पूर्ण फोडून म्हटलंत तर ओळ पंधरा अक्षरांत बसतच नाही. 'मोअर', 'डोअर'मधला ओ मात्र भरपूर लांबवा. पोनं रिफ्रेनसाठी, म्हणजे पालुपदासाठी, ओ आणि र हे आवाज ठरवून निवडले होते, ओ सगळ्यात घुमणारा स्वर म्हणून. 'नेपेन्थी', 'गिलिअड', 'सेराफिम', 'प्लुटोनियन' हे शब्द आधी वेगळे घोटून ठेवा, स्टेजवर जीभ तिथंच अडखळते.

पो स्वतः ही कशी म्हणायचा ते आपल्याला ऐकता येणार नाही, तो १८४९ मध्ये गेला आणि एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. ऐकलेल्यांनी लिहून ठेवलंय ते असं की तो दिवे मंद करायला लावायचा, खोलीच्या मध्ये उभा राहायचा आणि हळू, अतिशय गोड आवाजात म्हणायचा. इंग्लिश कवी टेनिसनचा आवाज १८९० च्या मेणाच्या सिलिंडरवर आहे, तो ऐकलात तर धक्का बसेल, जवळजवळ गातोच तो. त्यांच्या काळातल्या हॅझलिट या निबंधकारानंही कोलरिज आणि वर्ड्स्वर्थ दोघांच्या म्हणण्यात एक गाणं असायचं असं लिहिलंय. म्हणजे त्या काळात चालीवर म्हणणं हीच रीत होती, आजचा श्रोता वेगळा आहे एवढंच, त्याला माणूस बोलताना हवा असतो. व्हिन्सेंट प्राइस, बॅसिल रॅथबोन, जेम्स अर्ल जोन्स, ख्रिस्टोफर ली या नटांची रेकॉर्डिंग्ज जरूर ऐका, पण तुमचं स्वतःचं बसल्यावर, आधी ऐकलंत तर नक्कल होते आणि तो खर्ज तुम्हाला शोभणार नाही.

नुसत्या आवाजानं काय होऊ शकतं याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे १८ जून १८१६ ची रात्र, जिनिव्हा सरोवराकाठचा व्हिला दिओदाती. कवी बायरननं कोलरिजच्या 'क्रिस्टाबेल' या कवितेतल्या ओळी म्हटल्या आणि त्याचा कवीमित्र शेली डोक्याला हात लावून किंचाळत खोलीबाहेर पळाला, बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी यानं डायरीत लिहून ठेवलंय, त्याच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. ना माइक, ना म्युझिक. म्हणून तुमच्या आयोजकांनी मागे वादळाचा ट्रॅक किंवा कीबोर्ड लावतो म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा, त्या कवितेत टकटकीपासून पडद्याच्या सळसळीपर्यंत सगळे आवाज शब्दांतच आहेत.

माइकचं पटकन. 'टॅपिंग, रॅपिंग, नॅपिंग' सगळीकडे प आहे, तोंड माइकच्या थेट समोर ठेवलंत तर स्पीकर फटफट वाजेल, तो थोडा बाजूला, गालाच्या रेषेत घ्या. पाचव्या कडव्यात 'लेनोर' कुजबुजलाय म्हणून खरोखर कुजबुजू नका, माइकवर नुसती हवा ऐकू येते, आवाज ठेवून श्वास जास्त सोडा. मोबाईलवर बघून म्हणू नका, खालून चेहऱ्यावर उजेड पडतो आणि हॉरर शोचं पोस्टर होतं, त्यापेक्षा मोठ्या अक्षरातला कागद बरा. आणि सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा की 'पत्नीच्या मृत्यूनंतर पोनं ही लिहिली' असं म्हणू नका, सर्रास म्हणतात. कविता २९ जानेवारी १८४५ ला न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग मिरर'मध्ये आली, व्हर्जिनिया तेव्हा आजारी होती पण हयात होती, ती १८४७ च्या जानेवारीत गेली.

वेळेचं विचारून घ्या. १०८ ओळी नीट म्हटल्या तर आठ ते दहा मिनिटं जातात. पाच मिनिटंच देणार असतील तर कडवी गाळू नका, वर सांगितलेली प्रश्नांची चढण मोडते. श्रोते कंटाळणं फार महागात पडतं, पोलाही पडलं होतं, १८४५ च्या ऑक्टोबरात बोस्टन लायसियम या व्याख्यानसंस्थेत त्यानं आपली 'अल आराफ' ही लांब आणि अवघड जुनी कविता वाचली, लोक उठून जायला लागले, त्यानंतर 'द रेव्हन' म्हटली तेव्हा बरेच जण निघून गेले होते. पाच मिनिटांत पोचीच 'ॲनाबेल ली' आरामात बसते, कडवी सहाच, शब्द सोपे. तिच्यात चाल 'रेव्हन'पेक्षाही पटकन लागते कारण सी, ली, मी हेच आवाज फिरून फिरून येतात, पण इलाज तोच, त्या माणसाला काय पटवून द्यायचंय ते धरा. तो म्हणतोय की देवदूतांनी मत्सरानं तिला नेलं, आणि हे तो अगदी सरळ, तर्क मांडावा तसं मांडतो. तसंच म्हणत या, दुःखी सूर लावू नका, आणि शेवटच्या कडव्यात तो रोज रात्री तिच्या थडग्यात तिच्या शेजारी जाऊन झोपतो हे कळतं ते वाक्यही त्याच सरळ आवाजात जाऊ द्या, तिथं थांबलात किंवा आवाज कापरा केलात की श्रोत्यांना ते स्वतःहून कळण्याची जागा तुम्ही काढून घेता.